बडोद्यातली गच्ची, ओटा आणि पंधरा मिनिटांचं वादळ

पुण्या-नाशकाहून नोकरीसाठी बडोद्याला आलेली मंडळी पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीच्या प्रेमात पडतात, आणि ते साहजिक आहे. दिवसभर ऊन तापलेलं, पण संध्याकाळी वारा सुटला की सगळी सोसायटी बाहेर येऊन बसते. टेनामेंटच्या (सोसायटीतल्या छोट्या स्वतंत्र घराच्या) दारापुढच्या ओट्यावर झोपाळा, गच्चीत चार खुर्च्या, कुंड्या, वर हिरवी जाळी किंवा पत्र्याची शेड, आणि अलीकडे बऱ्याच घरांवर सोलर पॅनलचा उंच सांगाडा. घराच्या भिंती-स्लॅबच्या मानाने हे सगळं फारच नाजूक, आणि वादळाचा पहिला तडाखा त्यालाच बसतो. आपला पत्रा उडाला तर नुकसान आपलं, पण तो शेजारच्या अंगणात खेळणाऱ्या पोरावर पडू शकतो. म्हणून ही तयारी करायलाच हवी, आणि ती अवघड नाही.

वादळं इथं तीन तऱ्हेची. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. १७ मे २०२१ च्या रात्री ‘तौक्ते’ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, दीव-उन्याच्या बाजूला धडकलं. १५ जून २०२३ ला ‘बिपरजॉय’ कच्छात जखाऊजवळ. अशा वादळांची खबर दोन-चार दिवस आधी मिळते. दुसरी तऱ्हा पावसाळी कमी दाबाच्या पट्ट्यांची. त्यात वाऱ्यापेक्षा पाणी जास्त. ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली. त्या वेळी पाऊस देणारी प्रणाली पुढे समुद्रावर जाऊन ३० ऑगस्टला ‘असना’ चक्रीवादळ बनली.

तिसरी तऱ्हा सगळ्यात फसवी. एप्रिल ते जूनमध्ये दुपारभर उकाडा, मग एका बाजूला आभाळ काळं होतं, वारा एकदम पडतो आणि पाठोपाठ धुळीचा लोट येतो. उंच ढगातली थंड हवा पावसासोबत खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. ढग डोक्यावर यायच्या आधीच तिचा झोत आपल्याला गाठतो. मे २०२५ च्या सुरुवातीला गुजरातभर अशाच अवकाळी वादळांनी झाडं आणि पत्रे पाडले. यात हाताशी वेळ मिळतो तो फार तर पंधरा मिनिटांचा.

म्हणून नव्या घरात सामान लावतानाच हा नियम धरा: जे पंधरा मिनिटांत आत नेता येत नाही किंवा उतरवता येत नाही, ते अक्षय्य तृतीयेच्या आत कायमचं पक्कं झालेलं असावं. गुढीपाडव्याला गच्चीवर गेलात की तिथूनच पाहणी सुरू करा.

पहिली पायरी: वाऱ्याचा हिशेब समजून घ्या

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. सूत्र सोपं आहे: मीटर प्रतिसेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये (दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार). ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याला हा दाब दर चौरस मीटरला साडेसात किलोच्या आसपास येतो, ताशी ८० ला तीस किलो. १० बाय १२ फुटांची शेड म्हणजे अकरा चौरस मीटर. त्यावरच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचं एकूण वजन जेमतेम पन्नास किलो, आणि ताशी ८० च्या वाऱ्यात त्यांना वर उचलणारा जोर सव्वातीनशे किलोंच्या घरात. शिवाय बाजू उघड्या असल्या की वारा खालून ढकलतो आणि वरून खेचतो, दोन्ही एकाच दिशेनं. पत्रा आपल्या वजनानं जागेवर राहील ही आशाच धरू नका. त्याला धरून ठेवतात ते फक्त स्क्रू, वेल्डिंग आणि पायातले बोल्ट.

आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, बडोद्यासाठी मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरतं, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. पुणे-नाशिकसाठी हाच आकडा ३९ आहे. वर्गाचा हिशेब लावला तर भार सव्वापटीहून थोडा जास्त होतो. तिकडे टिकलेल्या मापाची शेड इथं तशीच्या तशी उभारू नका. शेड बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला हा ४४ चा आकडा स्पष्ट सांगा.

दुसरी पायरी: शेडचे पाय आधी, पत्रे नंतर

बहुतेक जण शेड तपासताना वर बघतात. तुम्ही खाली बघा. गच्चीच्या वरच्या थरात चायना मोझेक किंवा टाइल, त्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा चार-पाच इंच, आणि मग खरा आरसीसी स्लॅब. तीन इंची बोल्ट मारून खांब उभा केला असेल तर तो कोब्यातच अडकलेला असतो, आणि कोबा ओढ सहन करत नाही. घर भाड्याचं असो वा विकतचं, शेड कुणी आणि कशी बसवली हे विचारून घ्या. उत्तर मिळालं नाही तर एखाद्या खांबाची बेस प्लेट उघडून बोल्टची लांबी बघायला सांगा.

नवीन शेड करायची असेल तर सर्वात चांगला मार्ग म्हणजे घराच्या कॉलमच्या डोक्यावर, स्लॅबशी सळईनं जोडलेला काँक्रीटचा छोटा ठोकळा घालून त्यात बोल्ट बसवणं. तिथं वॉटरप्रूफिंग फोडावं लागतं, ते पुन्हा नीट करून घ्यायचं. त्याचे पैसे वाचवू नका, नाहीतर वादळात शेड टिकेल पण पावसात छत गळेल. गच्चीच्या कठड्यावर खांब उभा करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. कठडा विटांचा असतो. शेड उडते तेव्हा तो कठडाही सोबत घेऊन खाली जाते.

मग पत्र्यांकडे या. कडा आणि कोपरे इथं वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून तिथले स्क्रू मधल्या भागापेक्षा दुप्पट दाट हवेत. रबरी वॉशर उन्हानं कडक होऊन तडकतो. बोटानं दाबून बघा, तुकडे पडले तर बदला. जुन्या शेडला जे-हुक (इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे आकडे) असतील तर प्रत्येक हुकाचं नट हातानं फिरतं का ते पाहा. पत्रा भिंतीबाहेर एक फुटाहून जास्त लोंबू देऊ नका, वारा पकडतो ती तीच कड. पॉलिकार्बोनेट शीट असेल तर तिला चौफेर प्रोफाइल पट्टी आहे ना, आणि उन्हापासून वाचवणारा लेप असलेली बाजू वर आहे ना, हे बघा. पिवळी पडून चिरा गेलेली शीट बदललेलीच बरी.

पत्र्यावर विटा, दगड, जुने टायर ठेवायची पद्धत इथं सगळीकडे दिसते. कृपा करून ती पाळू नका. वीस विटांचं वजन सव्वातीनशे किलोंपुढे काही नाही, आणि पत्रा हलला की त्याच विटा खालच्या रस्त्यावर पडतात.

तिसरी पायरी: सोलरचा सांगाडा

गुजरातेत बऱ्याच घरांवर सोलर आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घरावरच्या सोलरला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना आल्यापासून ते आणखी वाढलं. पॅनल आठ-दहा फुटांवर चढवून खाली बसायला सावली करून घेणं ही कल्पना चांगलीच आहे. पण तीन किलोवॉटच्या सहा मोठ्या पॅनलचं क्षेत्रफळ पंधरा चौरस मीटरच्या आसपास होतं. म्हणजे ते शेडपेक्षा मोठं, तिरकं आणि उंचावरचं छप्पर आहे. तिथं वारा खालच्यापेक्षा जास्तच लागतो.

बसवून देणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सांगाडा किती वेगाच्या वाऱ्यासाठी डिझाइन केला आहे, पायातले बोल्ट स्लॅबमध्ये किती खोल आहेत, आणि वर्षातून एकदा क्लॅम्प घट्ट करायला माणूस कधी येणार. खांबांमध्ये तिरके आधार असायला हवेत. चार सरळ खांबांवर उभा सांगाडा वाऱ्यात डोलतो आणि डोलून डोलून नट सैल होतात. पॅनलचे क्लॅम्प स्वतः पान्यानं आवळत बसू नका, काच जास्त दाबानं तडकते आणि वॉरंटीही जाते.

या सांगाड्याला झोपाळा टांगू नका. झोपाळ्याचा धक्का एकाच बोल्टवर पुन्हा पुन्हा बसतो, आणि वादळाच्या दिवशी तोच बोल्ट आधी दगा देतो. जाळी, ताडपत्री, कपड्यांची दोरी हेही त्याला नको.

चौथी पायरी: उतरवता येईल असंच बांधा

हिरव्या जाळीचं काम सावली करणं, वादळ झेलणं नव्हे. ती दोरीनं बांधायची, आणि निरगाठ न मारता सुरगाठ मारायची, म्हणजे एक टोक ओढलं की सुटते. चारही कोपऱ्यांना हाताला येतील अशा उंचीवर गाठी ठेवा. ताडपत्रीची सावली तर एप्रिलनंतर ठेवूच नका. जाळीतून थोडा वारा पार होतो, ताडपत्री जहाजाच्या शिडासारखी फुगते आणि ज्या पाइपाला बांधली तो पाइपच उपटते. बांबूच्या चिका (पडदे) गुंडाळून दोन ठिकाणी बांधायच्या, खाली लोंबत ठेवायच्या नाहीत.

झोपाळा हा इथल्या घराचा मान आहे. सागवानी पाट आणि पितळी कड्या असलेला झोपाळा बराच जड असतो, आणि वाऱ्यात तो भिंतीवर, काचेवर आपटत राहतो. कड्यांना वरच्या टोकाला हूक असेल तर पाट काढून भिंतीला उभा टेकवा. ते जमत नसेल तर ट्रकवाले वापरतात तसा रॅचेटचा पट्टा घ्या आणि पाट खांबाला किंवा खिडकीच्या गजाला घट्ट आवळा. छतातला आकडा मात्र दरवर्षी बघायचा. गंजून बारीक झाला असेल तर रंग मारून लपवू नका, बदला.

कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, एकही नाही, रिकामीही नाही. जमिनीवर, कठड्याच्या आतल्या बाजूला, एकमेकींना चिकटून ठेवा. उंच झाडांच्या कुंड्या वादळाच्या वेळी आडव्या केल्या तरी चालतं. पाण्याची टाकी भरलेली असू द्या: हजार लिटरची भरलेली टाकी एक टन भरते, रिकामी सहज लोळत जाते. झाकण दोरीनं बांधा.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया, सांडगे, मिरच्या वाळत असतात आणि शेजारच्या बेनच्या गच्चीवर छुंद्याच्या (कैरीच्या गोड लोणच्याच्या) काचेच्या बरण्या. सगळं एकाच कोपऱ्यात, जिन्याच्या दाराजवळ मांडा. दार जवळ असलं की दोन फेऱ्यांत काम होतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एवढंच: बाल्कनीच्या ग्रिलबाहेर काही लटकवू नका, कपड्यांचा स्टँड आत घ्या आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचं ब्रॅकेट गंजलंय का ते मेकॅनिककडून बघून घ्या.

पाचवी पायरी: पाण्याला वाट

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर दहा हजार लिटर पाणी पाइपांतून खाली जायला हवं. पाइप तुंबला आणि चार इंच पाणी साचलं तर स्लॅबवर दर चौरस मीटरला शंभर किलोंचा बोजा येतो, आणि जिन्याच्या दाराचा उंबरा बुटका असेल तर पाणी घरात उतरतं.

पाइप तुंबतो कशानं? पिंपळाची पानं, कबुतरांची पिसं, सिमेंटचा चुरा. आणि बडोद्यात याशिवाय मांजा. उत्तरायणात चौदा-पंधरा जानेवारीला सगळं शहर गच्चीवर असतं, आणि तुटलेल्या दोऱ्यांची गुंतवळ महिनोन्महिने कोपऱ्यात पडून राहते. पाण्याबरोबर ती पाइपात जाते आणि बाकीचा कचरा तिच्यात अडकतो. ती हातानं ओढू नका, बोट कापतं. हातमोजे आणि कात्री घ्या. मग प्रत्येक पाइपात दोन बादल्या पाणी भसकन ओता आणि खाली कुणाला तरी उभं करा. पाणी लगेच जोरात बाहेर आलं तर ठीक. तोंडावर सपाट जाळीऐवजी घुमटाकार जाळी बसवा, पानं साचली तरी बाजूंनी पाणी जातं.

सहावी पायरी: झाडं

गुलमोहर आणि शेवगा यांच्या फांद्या वाऱ्यात पटकन मोडतात, कडुनिंब बराच तग धरतो. शेडवर किंवा सोलरवर झुकलेल्या फांद्या पावसाळ्याआधी उतरवून घ्या. झाड रस्त्यावरचं असेल तर महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. तारांना लागलेली फांदी स्वतः तोडायची नाही. वीजबिलावर छापलेल्या तक्रार क्रमांकावर कळवायचं.

सातवी पायरी: इशारा वाचा आणि तालीम करा

फोनवर हवामान विभागाचं ‘मौसम’ आणि विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’, ही दोन ॲप ठेवा. हवामान विभागाच्या भाषेत ताशी ६२ ते ८८ किलोमीटरचा वारा म्हणजे चक्रीवादळ, ८९ ते ११७ म्हणजे तीव्र चक्रीवादळ, त्यापुढे अतितीव्र. पावसात २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढे ‘अतिमुसळधार’ समजा. पिवळा इशारा आला की जाळी उतरवा. नारिंगी आला की गच्ची पूर्ण रिकामी करा. लाल येईपर्यंत थांबू नका.

मे महिन्यात एखाद्या रविवारी घड्याळ लावून तालीम करा. कोण जाळी सोडणार, कोण खुर्च्या आणणार, झोपाळा कोण आवळणार, गच्चीचं दार कोण लावणार, हे ठरवून टाका. घरात एकटे आजी-आजोबा असतील तर त्यांनी गच्चीवर जायचंच नाही. त्यांच्यासाठी जाळी आणि खुर्च्या मे-जूनमध्ये रोज संध्याकाळीच आत यायला हव्यात. पंधरा मिनिटांत काम होत नसेल तर सामान कमी करा.

गडगडाट ऐकू आला की तालीम असो वा खरं वादळ, गच्ची सोडायची. लोखंडी शेड, झोपाळ्याच्या साखळ्या, रेलिंग यांच्यापासून लांब. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. त्या वेळात एखादी खुर्ची उडाली तर उडू द्या.

आठवी पायरी: ओट्यावर पाणी येतं तेव्हा

समा, हरणी, अकोटा, वडसर अशा नदीकाठच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर हा भाग नीट वाचा. विश्वामित्री पावागढच्या डोंगरांतून येते, आणि वरच्या बाजूला आजव्याचं धरण आहे. शहरात पाऊस थांबल्यावरही वरचं पाणी तासांनी खाली पोचतं. म्हणून ऊन पडलं म्हणून ओट्यावर सामान परत मांडू नका, नदीची पातळी उतरू लागल्याची खात्री करा.

ओट्यावरची इन्व्हर्टरची बॅटरी आणि गॅसचा सिलिंडर वरच्या मजल्यावर न्या. सिलिंडर पाण्यात तरंगतो. जमिनीखालच्या टाकीचं झाकण प्लॅस्टिकच्या कागदानं आणि वजनानं बंद करा, नाहीतर आठवडाभर प्यायच्या पाण्याचे हाल. बागेतल्या दिव्यांची आणि बाहेरच्या प्लगची लाइन वेगळ्या स्विचवर, वीज गळू लागली की आपोआप बंद पडणाऱ्या आरसीसीबी स्विचसह, आधीच करून ठेवा आणि पाणी गेटाशी आलं की बंद करा. वाळूच्या पिशव्या अर्ध्याहून थोड्या जास्त भरा, गच्च भरल्या तर एकमेकींत बसत नाहीत. विटांच्या रचनेसारख्या सांधे चुकवून लावा आणि मागे प्लॅस्टिक घाला. तळमजल्याच्या संडासातही एक पिशवी ठेवा, पाणी तिथूनही उलटं येतं.

आणि मगरी. विश्वामित्रीत त्या राहतातच, आणि २०२४ च्या पुरात त्या वस्तीत आल्या होत्या. पाणी ओसरताना ओट्यावर उतरण्याआधी वरून टॉर्च मारून जिन्याखाली, टाकीमागे, गाडीखाली बघा. गढूळ पाण्यात पाय घालू नका, मुलांना तर मुळीच उतरू देऊ नका. मगर किंवा साप दिसला तर दार लावून घ्या आणि वन विभागाला कळवा. मगर संरक्षित प्राणी आहे, काठ्या घेऊन धावायचं नाही. जवळ जाल तर तीही भिऊन हल्ला करेल.

वादळ गेल्यावर

ओल्या पत्र्यावर चढू नका. फुटलेलं सोलर पॅनल उन्हात वीज बनवतच असतं, ते हातानं उचलायचं नाही. कंपनीचा माणूस येईपर्यंत आसपास दोरी बांधा. चिखल ओला असतानाच धुवून काढा, वाळला की टाइलच्या सांध्यांत घट्ट बसतो. प्रत्येक खांबाच्या पायाशी बघा: मोझेकला नवी चीर गेली असेल तर बोल्ट ओढले गेले आहेत, वरून सगळं सरळ दिसलं तरी.

घराचा विमा घेतला नसेल तर ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक स्वरूपाची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात वादळ, चक्रीवादळ आणि पूर येतात, आणि घराच्या व्याख्येत व्हरांडा, कुंपण, फाटक, पाण्याची पक्की टाकी, सोलर पॅनल हेही धरलेलं आहे. तिचा उपयोग व्हायचा तर शेड आणि सोलरची बिलं, आणि वादळाआधीच्या ओट्याचे-गच्चीचे फोटो जवळ हवेत. नुकसान झालं तर आवरायला घेण्याआधी पुन्हा सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कंपनीला कळवा, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मोडका पत्रा भंगारात देऊ नका.